पेलाभर पाणी

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार ओळी लिहून पाठवा, असा समितीचा निरोप आला आणि मला बँकेतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या भरून आलं. खरं तर सगळ्यांविषयी लिहायला हवं. मुख्याध्यापक सर, शिपाईमामा, स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल. ते बाकीचे लिहितीलच. मी बाईंविषयी लिहिणार. नाव घालत नाही. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं "बाई आल्या" असं कुणी कुजबुजलं की वर्ग कुणासाठी गप्प व्हायचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

मी शाळेत आले १९९३ च्या दिवाळीनंतर, आठवी ब मध्ये. आमचं गाव भूकंपाच्या किल्लारीजवळचं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना ते झालं. घर म्हणजे दगडमातीच्या हातहातभर रुंद भिंती आणि वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर माती टाकत राहायची. पणजोबांपासून टाकलेली माती एकदम खाली आली. आज्जी गेली, धाकटा भाऊ गेला. मला दुपारी काढलं. गेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास सांगतात. आमच्या गल्लीचा आकडा मला पाठ आहे, पण तो इथे नको.

मामा मला औशाला घेऊन आले. शाळेत नाव घातलं, पण वर्गात काही मला बसवेना. छताखाली गेलं की तोंडात मातीची चव यायची. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहायची आणि खिडकीतून येईल तेवढं ऐकायची. जो तो समजूत घालायचा, "आता काही होत नाही." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरातही आमच्याकडे धक्के बसले होते. तेव्हा काही दिवस आम्ही अंगणात झोपलो, मग "काही होत नाही" म्हणत पुन्हा घरात गेलो.

बाईंनी ते वाक्य कधीच उच्चारलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गणिताच्या तासाला त्या स्टाफरूममधला स्टीलचा पेला काठोकाठ भरून घेऊन आल्या आणि दाराजवळच्या पहिल्या बाकावर ठेवला.

"जमीन हलली तर आधी कुणाला कळेल? तुला का पाण्याला?"

"पाण्याला."

"मग पाण्यावर लक्ष ठेव. हललं की पळायचं, मला विचारायचंसुद्धा नाही. तोवर एवढं वर्गमूळ काढ."

मी आत आले. एक डोळा वहीत, एक पेल्यात. वर्गमूळ चुकलं होतं, हे बाईंनी सांगितलंच. त्यांना चुकलेलं चालायचं नाही, मग समोर कुणी का असेना.

महिन्याभरात मी आणि पेला दुसऱ्या बाकावर गेलो. मग तिसऱ्या. धक्के नंतरही अधूनमधून यायचेच, तेव्हा आमची स्वारी परत दाराशी. बाई काही बोलायच्या नाहीत, फक्त पेला उचलून पुढे ठेवायच्या.

आणि मग तो दिवस. आमच्या वर्गातल्यांना आठवत असेलच. मागून कुणीतरी बाकावर जोरात हात आपटला. पाणी हिंदकळलं, माझ्या वहीवर सांडलं आणि मी पळाले. माझ्यामागे अख्खा वर्ग पळाला, काही जण तर कशासाठी ते न कळताच. थेट लिंबाखाली. मागून बाई चालत आल्या, हातात हजेरीपट. आता छडी मिळणार म्हणून मुलांनी आधीच तळवे अंगाला पुसले. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"चाळीस सेकंद. मुलींनी दप्तरं उचलली म्हणून उशीर. दप्तर कशाला पाहिजे गं? चला, पुन्हा."

आम्हाला त्यांनी तीनदा आत नेलं आणि तीनदा पळवलं. तिसऱ्या खेपेला एकोणीस. शेजारच्या आठवी अ ची पोरं खिडकीतून बघत होती, त्यांना वाटलं आम्हाला शिक्षा झालीय. संध्याकाळी हे मामीला सांगताना मला हसू फुटलं, आणि मामी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

दहावीला गणितात १५० पैकी १३८ पडले. पुढे बी.कॉम., बँकेची परीक्षा, बदल्या. आज पुण्यात एका शाखेची व्यवस्थापक आहे, आणि राहते नवव्या मजल्यावर. उशाशी भरलेला पेला असतो. लग्नानंतर वर्षभर आमच्या ह्यांना वाटत होतं की मला रात्रीची तहान लागते. माझ्या वडिलांना, अण्णांना मात्र अशा बाई भेटल्या नाहीत. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, त्यासमोर त्यांनी पत्र्याचं शेड मारलं आणि शेवटपर्यंत शेडमध्येच झोपले. घरात ज्वारीची पोती.

ग्रुपवर नव्या इमारतीचे फोटो बघितले. तीन मजले, डिजिटल फळा, सगळं देखणं. लिंब दिसला नाही. पटांगणात फरशा घातल्यात. समितीने राग मानू नये, पण एक विचारते: खिडक्यांना गज आणि जिन्याला एकच लोखंडी दार, तेही फोटोत कुलूप लावलेलं. वरच्या मजल्यावरची पोरं एकोणीस सेकंदांत कशी उतरतील?

बाई निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना भेटायला गेले होते. पेढे नेले, पाया पडले, पेल्याची गोष्ट सांगायला लागले. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पेला? कसला पेला गं?" त्यांना आठवत होतं ते माझं अक्षर. "सात आणि एक सारखे काढायचीस. बँकेत चालतं का ते?"

आता बाई नाहीत, म्हणून बाकीच्यांना विचारते. मेळाव्याला मी येतेय, दाराजवळची खुर्ची धरून ठेवा. आणि त्या दिवशी बाकावर हात कुणी आपटला होता, ते आता तरी सांगून टाका. पेढे द्यायचेत.

– माजी विद्यार्थिनी, दहावी ब, मार्च १९९६