पुंडी पल्य आणि लीड्सचा बुधवार

ब्रिटनमधल्या लीड्सच्या पहिल्या डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच अंधारून यायचं. नवरा सातला बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. बेळगावात आमच्या शहापूरच्या गल्लीत हे शक्यच नव्हतं. शेजारच्या अक्का कन्नड, आम्ही मराठी. त्यांनी "ऊटा आतेन्री?" विचारायचं, आईनं "झालं की जेवण, तुमचं?" म्हणायचं. दिवस तिथूनच सुरू व्हायचा.

मी एक मोठी चूक केली. घरचे फोन टाळायला लागले. आई "काय करालीस गे?" विचारणार, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाही. नव्यानं परदेशी आलेल्या पोरींनो, तेवढं करू नका.

झोप उडाली तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, "घरचे सोडून आठवड्यात किती जणांशी बोलता?" मला रडूच आलं. गोळ्या न देता त्यांनी मला एका लिंक वर्करकडे, म्हणजे लोकांशी गाठ घालून देणाऱ्या बाईकडे, पाठवलं. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत याला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. माणसांत जायची चिठ्ठीच ती. या देशानं २०१८ साली एकटेपणाचं काम एका मंत्र्याकडे सोपवलं. आणि आमच्या जवळच्याच हडर्सफील्डमध्ये जन्मलेले, मूळच्या कर्नाटकातल्या मंड्याच्या घरातले डॉ. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे आरोग्याचे मुख्य डॉक्टर, असताना २०२३ मध्ये सांगून गेले, की माणसांपासून तुटणं जिवाला दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याइतकं घातक ठरू शकतं. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे मी काही रडूबाई नव्हते.

चिठ्ठी होती दर बुधवारच्या सामायिक बागेची. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा एका आजोबांनी पाहिलं. "ऑल राइट, लव्ह?" म्हणाले आणि जमिनीवर उपडी घातलेली बादली उचलली. आत अंधारात वाढलेले रुबार्ब नावाच्या इथल्या भाजीचे देठ होते. गुलाबी, कोवळे, टोकाला पिवळं चुरगळलेलं पान. त्यांनी एक देठ बुडाशी पिळून ओढला, पान खुडून टाकलं आणि देठ माझ्या हातात दिला. घरी येऊन त्याचा तुकडा चावला. आंबटढाण! थेट अंबाडीची आठवण झाली.

त्या रात्री मीच आईला फोन लावला. किती दिवसांनी!

"आई, अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालतीस?"

ती क्षणभर गप्प झाली. मग "थांब" म्हणाली आणि खिडकीतूनच अक्कांना हाक मारली. अक्का आल्या. त्यांच्या पुंडी पल्यात, म्हणजे अंबाडीच्याच भाजीत, कण्या आधी शिजवतात, आईच्या भाजीत नंतर. लसणाच्या फोडणीवरून दोघींची चांगलीच जुंपली, एक कन्नडमधून, एक मराठीतून. मी फोन ओट्यावर ठेवला आणि रुबार्ब चिरायला घेतला.