तिकडे भाजी महाग, मग तुम्ही खाता तरी काय?

पुण्याहून कुणाचाही फोन आला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोक्योत महाग पडते ती आपण घरूनच ठरवून निघतो ती भाजी. भेंडी छोट्या जाळीत मोजून आठ-दहा मिळते, कोथिंबीर म्हणजे चार काड्या. त्यामुळे यादी घेऊन बाजारात जायचं मी सोडून दिलं. दुकानाच्या दाराशी कशाचे ढीग लागलेत ते आधी बघते, स्वयंपाक त्यावर ठरतो. वसंतात सैल पानांचा गोडसर नवा कोबी, उन्हाळ्यात वांगी-काकडी, मग रताळी, लाल भोपळा, नाना तऱ्हेच्या अळंब्या आणि थंडीत मुळा. कोबी बाराही महिने असतो, पण येतो वेगवेगळ्या ठिकाणांहून. इथल्या भाजीवर प्रांताचं नाव लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. उन्हाळ्यातला कोबी गुन्मा प्रांतातल्या त्सुमागोइच्या थंड पठारावरचा, हिवाळ्यातला बहुतेकदा आइचीचा. भाव चढला की मी आधी ते नाव वाचते. तिकडे वादळ किंवा अतिवृष्टी झालेली असते.

कोमात्सुना तर आमच्या एदोगावा भागातलीच पालेभाजी. लसणाची फोडणी आणि भिजवलेली मूगडाळ घातली की पोळीबरोबर उत्तम लागते. वर्षभर मिळते, स्वस्तही असते. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ती शिजावी असं मला वाटतं.

मुळा सुपरमार्केटात बहुधा पाला कापूनच येतो. पाल्यासकट हवा असेल तर नेरिमासारख्या, अजून शेती टिकून असलेल्या भागात जावं लागतं. शेताच्या कडेला फळकुटांचं छोटं दुकान, आत भाजी, शेजारी पैशांचा डबा. विकायला कुणी बसलेलं नसतं. शंभर येनचं नाणं टाकायचं आणि जुडी उचलायची. त्या पाल्याची भाजी करताना मला फार आनंद होतो.

घासाघीस सहसा नाही. पण संध्याकाळी उशिरा दुकानातली माणसं तयार पदार्थांवर, तोफूवर, मासळीवर सवलतीचे स्टिकर लावत फिरतात; आधी वीस टक्के, बंद व्हायच्या सुमाराला थेट निम्मी किंमत. अन्न वाया जाऊ नये म्हणून 2019 मध्ये कायदाही झाला. आज रात्रीच खायचं असेल तर मागचं ताजं पाकीट ओढू नका, पुढचं घ्या, अशा पाट्या मांडणीवर दिसतात. मी पुढचंच घेते, मुलांनाही तेच शिकवलंय. प्लास्टिकचं मात्र वाईट वाटतं. 2020 पासून पिशवीला पैसे पडतात, तरी एकेक काकडी गुंडाळलेली असते.

फळं खरोखरच महाग आहेत, त्यावर माझ्याकडे तोड नाही. तांदूळही 2025 पर्यंत वर्षभरात दुप्पट झाला. पाच किलोला चार हजार येनच्या वर गेला.

शाकाहारी असाल तर मागचं लेबल वाचायला शिका. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या डब्यातही माशाचा अर्क असतो.

तूरडाळ, पोहे, कणीक एदोगावातल्याच निशिकासाइच्या भारतीय दुकानांत मिळतं, इकडे येताना त्यासाठी बॅगेत जागा अडवू नका. गोडा मसाला तेवढा घरचा आणा. इथल्या वांग्यांना तो छान लागतो.