तुळईला लागलं तर लेट

आमच्या वेळी शाळेचं सभागृह वर्षातून दोनदा स्नेहसंमेलनवाल्यांचं, एरवी बॅडमिंटनचं. कोर्टाच्या रेघा पी.टी.चे सर स्वतः उभं राहून आखून घेत: ४४ फूट बाय २०. जाळी मध्यावर पाच फूट, खांबांपाशी एक इंच जास्त.

छत मात्र बुटकं. छताला फूल (शटलकॉक) लागलं की फॉल्ट, म्हणजे ती रॅली (सर्व्हिसपासून फूल पडेपर्यंतचा खेळ) गेली. पण इमारतच आड येत असेल तर स्थानिक नियम करायची मुभा आहे, हे सरांनी पुस्तकात दाखवलं आणि ‘तुळईला लागलं तर लेट, पत्र्याला लागलं तर फॉल्ट’ हा आमचा कायदा झाला. लेट म्हणजे ती रॅली पुन्हा खेळायची. पाहुण्या शाळांची मुलं यावरून हमखास भांडत.

खेळ आपल्या पुण्याचा, हे सर रंगवून सांगत. फूल नुसतं हवेत टोलवत ठेवायचा खेळ इंग्लंडात जुनाच. १८७०च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी जाळी बांधून, नियम करून चुरशीनं खेळू लागले. त्याला ‘पूना’च म्हणत. पुढे ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या ‘बॅडमिंटन’ वाड्याचं नाव त्याला चिकटलं. (सरांना याचा राग होता.) उघड्यावर वाऱ्यानं फूल भरकटे, म्हणून लोकरीचा चेंडूही वापरत. १९०१पर्यंत कोर्ट जाळीपाशी अरुंद, डमरूसारखं असे. आम्ही एकदा खडूनं तसं आखून खेळलो. जाळीजवळचे तिरके फटके सगळे बाहेर!

आमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच गुण. गेम पंधराचा, मुलींच्या एकेरीत अकराचा. तेरा-तेरा झाले की आधी तेराला पोचलेल्यानं सांगायचं: पंधरालाच संपवायचं की आणखी पाच खेळायचे. दमलेला कोण, ते तिथं सगळ्यांना कळे. २००६पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम २१चा. सामने आटोपशीर झाले, कबूल. पण जुन्या पद्धतीत पुढं असलेल्याला शेवटचा गुणही स्वतःच्या सर्व्हिसवर कमवावा लागे, आणि मला अजून तेच रास्त वाटतं.

सर्व्हिस कमरेखालून, एवढंच तेव्हा ठरलेलं. कमर नेमकी कुठं, यावरच आमची निम्मी भांडणं. २०१८पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत जमिनीपासून १.१५ मीटर ही हद्दच ठरली. आमच्या वर्गातल्या ताडमाड गड्यांची त्यात पार पंचाईत झाली असती.