तुम्ही विचारलंत म्हणून: भर पावसात शेकोटी पेटते का?

जून लागला की हा प्रश्न हमखास येतो, ट्रेकच्या ग्रुपवर, कसाऱ्याच्या लोकलमध्ये, अगदी ऑफिसच्या कॅन्टीनमध्येसुद्धा, की सगळं ओलंचिंब असताना रॉकेल न ओतता, तिथे मिळेल त्या काटक्यांवर शेकोटी पेटते का. पेटते. पण काडी ओढायच्या आधी अर्धा-पाऊण तास बसून लाकूड तासायची तयारी पाहिजे, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

आधी जागेचं सांगते. आपलं नॅशनल पार्क असो की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, जंगलात शेकोटीचा विषयच काढू नका, 1927 चा वन कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पायथ्याच्या गावात, ज्यांच्याकडे उतरलात त्यांना विचारून, त्यांच्या अंगणात किंवा पडवीबाहेर पेटवा.

व्हिडिओत बर्चची साल आणि पाइनचं राळभरलं लाकूड दाखवतात, ते एका काडीत पेटतं, पण आपल्या सह्याद्रीत ती झाडं नाहीत, मग लोक म्हणतात आमच्याकडे जमतच नाही. अहो, आपल्याकडे वाळलेला बांबू आहे! त्याची बाहेरची पाठ चिवट, पाणी पटकन आत घेत नाही, चिरला की आत कोरडा निघतो, आणि कोयत्याची धार आडवी धरून खरवडलं की भुसभुशीत कीस पडतो तो पहिल्या ठिणगीला उत्तम. फक्त अख्खं पेर आगीत टाकायचं नाही, आतली हवा तापून ते फटाक्यासारखं फुटतं. ओढ्यातले ओले दगडही चुलीला लावू नका, तेही तडकून उडतात.

मुंबईहून निघताना मी घरच्या नारळांच्या शेंड्या नेते, पिंजून, वाळवून, झिपच्या पिशवीत, वजन काहीच नाही. गोवरी मात्र गावातच मागायची, आणि पैसे द्यायचे, कारण पावसाळ्यातलं कोरडं जळण त्यांनी उन्हाळाभर राबून साठवलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवर पडलेलं लाकूड उचलूच नका, ते स्पंजसारखं पाणी पिऊन बसलेलं असतं. झाडावरच वाळलेली किंवा फांद्यांत अडकलेली काटकी घ्यायची, वाकवली की कट्ट करून तुटली तर चालेल, नुसती वाकली तर सोडून द्या. मनगटाएवढं लाकूड वरून कितीही ओलं दिसलं तरी मेलेलं आणि न कुजलेलं असेल तर गाभा बराच कोरडा असतो, म्हणून साल काढायची, उभं फोडायचं आणि गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या, मग पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. वाटतं त्याच्या दुप्पट काढा. जुलैच्या दमट हवेत छपराखालच्या लाकडातही 16 ते 20 टक्के पाणी असतं, आणि लाकडाला पेट घ्यायला साधारण 300 अंश लागतात, पण आत पाणी आहे तोवर सगळी धग त्याची वाफ करण्यातच जाते. बारीक ढलपीत पाणीच थोडं, ते चटकन उडतं, आणि ती पुढच्या जाडीला वाळवते.

आणि खालची जमीन! सगळे वर ताडपत्री धरतात आणि शेकोटी खालून विझते. मनगटाएवढी लाकडं शेजारी शेजारी मांडून आधी बैठक करा, त्यावर कीस, त्यावर ढलप्या वाऱ्याच्या बाजूला तोंड ठेवून तिरक्या टेकवा. पेटल्यावर घाईने मोठं लाकूड टाकायचं नाही, फुंकणीने बुडाशी हळू फुंकत राहायचं, आणि पुढची ओली लाकडं जाळाच्या कडेला वाळत लावायची. गावातल्या मावशी जुलैतही रोज चूल अशीच पेटवतात, त्यांच्या शेजारी बसून बघा, कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

कण्हेर आणि बिब्ब्याचं लाकूड मात्र चुकूनही जाळू नका, कण्हेरीचा धूर विषारी आणि बिब्ब्याच्या धुराने अंगावर फोड येतात. काटकी कुठल्या झाडाची ते कळत नसेल तर गावात दाखवून घ्या. आणि कितीही गारठलात तरी निखाऱ्यांचं घमेलं टेंटमध्ये घ्यायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.