तेव्हाच मिटवून का नाही टाकलंत?

दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. वायर मोजून घेता घेता, पंख्याचा कपॅसिटर बदलून घेता घेता गिऱ्हाइकाची नजर माझ्या काठीकडे जाते. मग आवाज खाली आणून विचारतात, "अपघाताच्या भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या इतकी वर्षं झिजवल्यात म्हणे. समोरचा तर तेव्हाच पैसे देत होता. मिटवून का नाही टाकलंत?" बऱ्याचदा विचारणाऱ्याच्याच घरात कुणीतरी नुकतंच गाडीवरून पडलेलं असतं. काउंटरवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. मी तेव्हा ३८ वर्षांचा, आयटीआय केलेला, परवानाधारक वायरमन. कराड-पाटण रस्त्यानं संध्याकाळी काम उरकून मोटरसायकलवरून घरी निघालो होतो. समोरून आलेला पिकअप इंडिकेटर न देता शेताच्या रस्त्याकडे वळला. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. उजव्या नडगीचं हाड मात्र गुडघ्याच्या सांध्यापाशीच फुटलं. त्याच रात्री प्लेट टाकली.

तिसऱ्या दिवशी पिकअपचे मालक दवाखान्यात आले. शेजारच्या गावचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. सोबत त्यांच्या गावातले दोन जाणते, हातात शहाळी. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून म्हणाले, "भाऊ, पोराच्या हातून झालं. पन्नास हजार आणलेत. केसबिस नको, एकाच शिवेवरची माणसं आपण." त्यांचे हात थरथरत होते. माझ्याही मनात आलं, घेऊन टाकावेत. ऑपरेशनची अनामत भरायला मेहुण्याकडून उसने घेतलेले पैसे डोक्यावर होते.

तेवढ्यात बायको म्हणाली, "काका, गाडीचा इन्शुरन्स आहे ना?"

"आहे की. मार्चपर्यंत आहे."

"मग तुम्ही खिशातले कशाला देताय?"

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. दरवर्षी आपण थर्ड पार्टीचा हप्ता भरतो, तो कशासाठी हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी धड ठाऊक नव्हतं. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देण्यासाठीच तो हप्ता असतो, आणि कायद्यानं तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. माझा दावा मालकावर आणि ड्रायव्हरवर लागला खरा, पण पैसे द्यायचे होते विमा कंपनीला. ते काका पुढे तारखेला कोर्टात भेटायचे तेव्हा एका टपरीवर आमचा चहा व्हायचा. वैर आलं नाही. पोराकडे लायसन नसतं तर कंपनीनं बहुधा आधी मला देऊन नंतर त्यांच्याकडून वसूल केलं असतं, आणि पॉलिसीच नसती तर थेट त्यांच्यावरच आलं असतं. म्हणून दवाखान्यातच पहिलं विचारायचं ते समोरच्या गाडीच्या पॉलिसीबद्दल, आणि तिचा फोटो काढून ठेवायचा.

मिटवून न टाकण्याचं खरं कारण मात्र मला पुढे चौदा महिन्यांनी कळलं. त्या तिसऱ्या दिवशी माझं नुकसान किती झालंय हेच कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. पन्नास हजार कशाचे, हे देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं आणि घेणाऱ्यालाही.

चौदा महिन्यांनी जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो. डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी एक लांब पट्टी गुडघ्याला लावली आणि पाय दुमडत नेला. ८५ अंशांवर तो थांबला. पुढे ढकलला तर डोळ्यांत पाणी आलं. चांगला गुडघा सव्वाशे-एकशेतीसच्या पुढे दुमडतो. दाखल्यावर आकडा आला, त्या पायाचं कायम अपंगत्व २४ टक्के.

२४ टक्के ऐकायला फार वाटत नाही. चालता येतं, जेवता येतं, दुकानात बसता येतं. पण वायरमन घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर, उभा राहतो तेव्हा त्याचे दोन्ही हात छताकडे असतात. तोल सांभाळतो तो गुडघा, पायरीला टेकवून, किंचित वाकवून. खाली बोर्डासाठी भिंतीला झिरी मारायची तर तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं. ही दोन्ही कामं माझी गेली ती गेलीच. कारकून असतो तर याच गुडघ्यानं माझा पगार एक रुपयानंही कमी झाला नसता.

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगून ठेवली आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून डॉक्टरांचा टक्का जसाच्या तसा उचलायचा नाही. त्या माणसाचं काम काय होतं आणि त्यातलं आता काय जमत नाही, हे बघून कमाईचा टक्का ठरवायचा. माझ्या वकीलबाईंनी हे समजावलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्या दुखण्याची भाषा कुणाला तरी कळते.

हिशेब कसा झाला तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं न्यायाधीश मनात येईल तो आकडा लिहितात. माझी कमाई न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टानं, महिना १२ हजार धरली. मी १८ सांगत होतो, पण कागद १२ पुरतेच निघाले. वर्षाचे १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाची कमाई पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर, म्हणजे २ लाख १ हजार ६००. वय ३६ ते ४० मध्ये असेल तर गुणक १५, म्हणजे वर्षाच्या कमाईला १५ नं गुणायचं. हा गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. गुणाकार झाला ३० लाख २४ हजार. आता याचे किती टक्के, यावर सगळी लढाई.

कंपनीचे वकील म्हणाले, २४ टक्के एका पायाचे, अख्ख्या शरीराचे धरले तर ८. म्हणजे २ लाख ४१ हजार ९२०. लोकअदालतीत त्यांनी सगळं मिळून ५ लाख देऊ केले ते याच हिशेबानं. लोकअदालत वाईट नाही. आमच्या गल्लीतल्या एका ताईंचा दावा तिथंच चांगल्या रकमेला सुटला आणि पैसेही लवकर हातात आले. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आपला हिशेब पाठ करूनच तिथं बसायचं. मी नाही म्हणालो. त्या रात्री झोप लागली नाही, कारण घरात पाच लाखांची फार गरज होती.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुमचं दुकान आहे ना? मग कमाई बुडाली कुठं?" मी सांगितलं, बायकोचे दागिने गहाण ठेवून दुकान टाकलं, कारण घोड्यावर चढता येईना. न्यायाधीशांनी तेवढंच टिपून घेतलं. निकालात कमाईचं नुकसान ३५ टक्के धरलं, १० लाख ५८ हजार ४००. दवाखाना, औषधं, सहा महिन्यांची बुडालेली मजुरी, सोबतीला थांबलेल्या माणसाचा आणि येण्याजाण्याचा खर्च, यातना आणि आयुष्यात मुकलेलं सुख, असं सगळं मिळून १५ लाख ५६ हजार ४००, आणि दावा दाखल केल्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. काही रक्कम कोर्टानं मुदत ठेवीत ठेवायला लावली. जून २०२३ ला दावा टाकला, निकाल नोव्हेंबर २०२५ ला लागला.

औषधांची २३ हजारांची बिलं गेली. ती का गेली हे सांगायलाच हवं. औषध दुकानातली बरीच बिलं गुळगुळीत कागदावर छापलेली असतात. वर्षभरानं फाइल उघडली तर निम्मी कोरी पडलेली, शाई उडून गेलेली. बायको एकेक बिल ट्यूबलाइटखाली तिरकं धरून अक्षरं शोधत होती. बिल आलं त्याच दिवशी झेरॉक्स काढा, प्रत्येकाला हे बजावून सांगतो. कमाईचंही तसंच. वायरमनचा परवाना, गिऱ्हाइकांच्या कामांची माझी डायरी, बँकेच्या पासबुकातल्या जमा यांनीच ते १२ हजार तरी उभे केले. रोखीनं काम करणाऱ्या माणसानं हातची वही फेकू नये.

मुदतीचं मात्र फार जपा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तेव्हापासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. नियम आहे म्हणून घरी बसू नका. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचा जखमांचा दाखला यांच्या नकला स्वतः जाऊन मागा. माझ्या पंचनाम्यात पिकअप वळल्याची टायरची खूण आणि माझी गाडी माझ्याच बाजूला पडल्याचं लिहिलं होतं. 'मोटरसायकलवाल्याचीही निम्मी चूक' हा कंपनीचा मुद्दा त्या दोन ओळींनी पडला. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो, अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी चालते. त्यात तो सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर? तरीही गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख सरकारी योजनेतून मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांच्या कार्यालयात करायचा. कमी आहेत, पण कित्येकांना हे माहीतच नसतं.

वकिलाबद्दल एकच सांगतो. दवाखान्याच्या दारातच "मिळेल त्यातले तीस टक्के" म्हणत कागदावर सही मागणारे भेटतात. असा टक्केवारीचा करार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कमी उत्पन्नाची माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तिथं आधी जा.

पैशांनी गुडघा दुमडला नाही. अजून देवापुढे मांडी घालून बसता येत नाही, पाट सोडून खुर्ची घ्यावी लागते. पण बायकोचे दागिने सुटून आले, मेहुण्याचे पैसे फिटले, आणि छताला हूक लावायला आता एक पोरगा कामाला ठेवलाय. तो घोड्यावर असतो, मी खालून वायर देतो.

परवा विंग गावाच्या बाजूचे एक गिऱ्हाईक आले. मुलाला चार दिवसांपूर्वी डंपरनं उडवलं, खांदा मोडलाय, डंपरचा मालक लाख रुपये घेऊन दवाखान्यात बसलाय म्हणाले. घेऊ का, असं विचारत होते. मी म्हटलं, "मुलगा काम काय करतो?"

"मार्केट यार्डात हमाली करतो."

दुकानाची वही पुढे ओढली, एक कोरं पान फाडलं आणि त्यांच्या हातात पेन दिलं. "इथं लिहा," म्हटलं, "किती किलोचं पोतं उचलायचा, दिवसाला किती, आणि हे बघितलेली दोन माणसं कोण."