सारंगखेड्याचे घोडे, तोरणमाळचा रानपिंगळा आणि मधली हवा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहिल्या दिवशी दुपारी बारा ते तीन या वेळात मी चारशेहून जास्त फोटो काढले. रात्री लॉजवर लॅपटॉपवर उघडले तर एकही धारदार नव्हता. घोड्याचा डोळा, स्वाराचा फेटा, मागच्या मंडपाची कनात, सगळंच पाण्याखाली असल्यासारखं हललेलं. लेन्स नवीन होती, १५०-६०० मिमीची. ती बिघडली असं समजून माझी झोपच उडाली. शहाद्याच्या मावसभावाने एकच प्रश्न विचारला, "ताई, सकाळचे फोटो पाहिलेस का?" पाहिले. साडेसातचे सगळे लख्ख होते. कॅमेरा तोच, लेन्स तीच, अंतरही साधारण तेवढंच.

फरक होता हवेचा. डिसेंबरात खान्देशात रात्री कडाक्याची थंडी असते आणि दहानंतर तापीकाठची मोकळी जमीन झपाट्याने तापते. जमिनीलगतची गरम हवा वर उठते, थंड हवेत मिसळते आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. ६०० मिमीची लेन्स दूरचा घोडा जवळ आणते, पण मधली ऐंशी-शंभर मीटर हवा काही काढून टाकत नाही. शटरचा वेग कितीही वाढवा, स्टॅबिलायझर (हाताची थरथर रोखणारी लेन्समधली सोय) चालू ठेवा, काही फरक पडत नाही. अंतर कमी करणं किंवा वेळ बदलणं, एवढंच हातात राहतं. पुढचे दोन दिवस मी घड्याळ पाहून काढले आणि सहल सार्थकी लागली.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. रेल्वेने आलात तर सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा स्टेशन सोयीचं, पुढे बस किंवा जीप. एकमुखी दत्ताची यात्रा दत्त जयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि तिच्यासोबतच घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे लांबलांबून येतात. शर्यती आणि चालीच्या स्पर्धा कोणत्या दिवशी आहेत हे आधी गावात विचारून घ्या, कारण नुसत्या बाजाराच्या दिवशी पळणारा घोडा कमी आणि उभा घोडा जास्त दिसतो.

पळणाऱ्या घोड्यासाठी मी शटर १/१६०० सेकंदावर ठेवलं, छिद्र एफ ६.३, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर आणि वरची मर्यादा ३२००. सतत फोकस चालू आणि फोकसचं बटण अंगठ्याखाली. घोडा समोरून येत असेल तर फोकस छातीवर अडकतो, म्हणून बिंदू एकच निवडून तोंडावर धरा. नुकऱ्याच्या बाबतीत उन्हात पांढरा रंग जळतो, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप उणे करा. काळ्या घोड्याला उलट करावं लागतं.

पण या बाजाराचा खरा फोटो रेवाल चालीचा. या चालीत घोडा वेगाने जातो तरी स्वार जवळजवळ हलत नाही, खोगिरावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवल्यासारखा स्थिर बसलेला असतो. म्हणूनच ही चाल कॅमेरा फिरवत टिपायला फार योग्य आहे. शटर १/८० वर आणलं, झूम ३०० च्या आसपास, स्टॅबिलायझर फक्त उभा हलावा रोखणाऱ्या मोडवर, कोपर अंगाला चिकटवून कमरेतून फिरले. चाळीसपैकी तीन जमले. त्या तिन्हींत स्वाराचा चेहरा ठाम आहे आणि खालचे चारही पाय धुळीत विरघळलेत. दुडक्या चालीत असं सहसा होत नाही, कारण स्वारच वरखाली होत असतो.

उभं राहताना दोरीच्या मागेच राहा. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना बाजूचं काहीच दिसत नाही. एका काकांनी मला ओरडून मागे घेतलं, "ताई, मांगे सरक, घोडा उना!" तेव्हा घोडा हातभरावरून गेला. दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लावा, आणि सोबत एक माणूस नुसता पाहायला ठेवा. लेन्स मैदानात बदलू नका. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला शहाद्याहून तोरणमाळकडे निघालो. सातपायरी घाटाची वळणं अंधारात सावकाश घ्या. मला ओढ होती रानपिंगळ्याची, म्हणजे एका लहानशा दुर्मिळ घुबडाची. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंदच नव्हती. शोधणारे भलत्या ठिकाणी जात राहिले, कारण रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रजाने संग्रहालयातून चोरलेला नमुना १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं खोटं लेबल लावलं होतं. तो खोटेपणा अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व सहकाऱ्यांना हा पक्षी जिवंत दिसला तो आपल्याच शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी. खान्देशातल्या माणसाला याचा अभिमान वाटायलाच हवा.

हा पिंगळा दिवसा वावरतो, म्हणून सकाळचं ऊन पुरतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच, आणि पाय अंगाच्या मानाने जाडजूड. स्थानिक वाटाड्या वन खात्याच्या परवानगीसह घ्या. आमच्या वाटाड्याने लहान पक्ष्यांचा कलकलाट ऐकूनच बोट दाखवलं. सागाच्या निष्पर्ण फांदीवर, तीस मीटरवर, तो शेपटी डावी-उजवी झटकत बसला होता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीतून काढलेली गरम लेन्स पहाटेच्या थंडीत लगेच वापरली तर हुडमध्येच (लेन्सच्या पुढच्या नळकांड्यात) हवा थरथरते. वीस मिनिटं बाहेर राहू द्या. खिडकीतून काढणार असाल तर इंजिन आणि हीटर बंद करा, आणि काचेच्या कडेवर पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. मी कापडी पिशवीत दोन किलो दादर ज्वारी भरून नेली होती. दोन किलोची लेन्स तासभर हातात धरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि परतताना दादर आत्याकडे भाकरीसाठी दिली.

मोबाइलवर पिंगळ्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका, घरट्याजवळ जाऊ नका, आणि फोटो टाकताना ठिकाणाची नोंद काढून टाका. मोजक्याच ठिकाणी उरलेला पक्षी आहे. ६०० मिमी आपल्याजवळ आहे ती लांब थांबता यावं म्हणूनच.

साडेनऊला ऊन डोंगराच्या कडेवरून खाली उतरलं आणि दूरची झाडं लवथवायला लागली, तेव्हा कॅमेरा बॅगेत ठेवला. शहाद्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन दुपारभर झोपलो. चार वाजता पुन्हा तापीकाठी जायचं होतं, तिरप्या उन्हात धूळ सोन्यासारखी उडते तेव्हा.