पत्रे दहा फुटी, उतार बारा फुटी

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आमच्या आजोळच्या शाळेत कोणी नव्हतं. कोरोनामुळे ती मार्चपासूनच बंद होती. छप्पर गेल्याचं आम्हाला आठवड्याने कळलं, कारण गावात ना वीज ना फोनला रेंज. श्रीवर्धन तालुक्यातली चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, खोल्या दोन. पुण्यामुंबईतल्या आम्ही मावस-मामे भावंडांनी पैसे जमवायचं ठरवलं आणि पहिली चूक तिथेच केली. मापं फोनवर घेतली.

दिवाळीनंतर टेम्पोत पुण्याहूनच पत्रे भरून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे निघालो. म्हसळ्याच्या पुढे वाड्यांमधल्या सुपाऱ्या निम्म्या उंचीवर काडीसारख्या मोडलेल्या. आईने खिडकीबाहेर बघणंच सोडून दिलं.

शाळेत पोचल्यावर पत्र्याचं काम करणाऱ्या दादांनी टेप लावली आणि म्हणाले, "पागोळ्या काय वर्गातच पाडायच्या?" आम्ही खोलीची रुंदी निम्मी करून पत्रे आणले होते, दहा फुटी. उतार आणि बाहेरची वळचण धरून लागत होते बारा.

तेव्हा पहिला सल्ला: आधी माणूस पाठवा, मग पैसे मागा. आणि पत्रे, हुक, अँगल माणगावला किंवा श्रीवर्धनलाच घ्या. भाडं वाचतं, उरलेला माल परत घेता का हे आधी विचारता येतं. मुंबईकरांना आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडीसकट जाता येतं. पाहणीला तो रस्ता छान आहे, माल मात्र माणगावकडूनच आणा.

त्या फेरीत कामाचं एवढंच झालं की छप्पर का गेलं ते बघितलं. जुन्या अँगलवर हुक जागच्या जागी होते आणि प्रत्येक वायसरखाली (हुकाच्या नटाखालची चकती) रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा अडकलेला. हुक धरून राहिले, पत्रा त्यांच्याभोवती फाटून उडाला. वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. म्हणून नव्या छपरात पत्रा जाड घेतला, वायसर मोठे घेतले आणि कडेच्या ओळीत हुक दाट मारले. देणगीदारांना रंग दिसतो, वायसर दिसत नाही. खर्च वायसरवर करा.

पैशांचं सांगतो. "शाळेला मदत करा" या मेसेजवर अंगठे भरपूर आले, पैसे तुरळक. मग त्या फाटक्या तुकड्याचा फोटो टाकून "एक पत्रा, हुकांसकट" असा दर लिहिला आणि दोन आठवड्यांत रक्कम जमली. इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळे खिळा ठोकण्याआधी लेखी परवानगी हवी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या (शिक्षणहक्क कायद्याने तीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेच गावात राहून कामावर लक्ष ठेवतात), तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि सरकारी दुरुस्तीत हीच शाळा धरली आहे का तेही तिथेच विचारा. नाहीतर एकाच छपराला दोनदा पैसे. परवानगीला आमचा जवळजवळ महिना गेला; तो धरूनच तारीख ठरवा. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, तो कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

८०जीची, म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, पावती हवी असणारे बरेच निघतात. ती त्यासाठी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना पासपोर्ट विचारायला लाजू नका. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्या सख्ख्या भावाची मात्र ठरते, आणि तिला एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) परवानगी असलेली संस्थाच लागते. आमच्या न्यू जर्सीच्या दादाचा यावरून झालेला रुसवा अजून गेलेला नाही.

छप्पर फेब्रुवारीत चढलं. जेवायला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा होता. गावात हॉटेल नाही, आदल्या दिवशी ताटं सांगून ठेवावी लागतात.

दहा फुटी पत्र्यांपैकी काही बालवाडीच्या पडवीला लागले. उरलेले अकरा अजून समाजमंदिरात आहेत. कुठल्या शाळेला उपयोगी पडत असतील तर घेऊन जा, टेम्पो तेवढा तुमचा. आणि माप घेऊन या.